एकदाच मोजलेला दम

हलका, लवकर येणारा धान कापून झाला की शेताच्या बांध्यांमधून एक गोडसर वास उठतो. कापलेल्या बुडख्यांचा, ओल्या मातीचा आणि वाळत घातलेल्या तणसाचा मिळून तो एकच वास असतो. आमच्या झाडीपट्टीत तो आला की माणसं खुशीत येतात. दिवाळीनंतरची मंडईची जत्रा जवळ आली, पाहुणे येणार, लेकी माहेरी येणार. मी मात्र त्या वासाने कान टवकारतो. आमच्या घरात यावरून माझं हसं होतं. होऊ दे. गेली तीसएक वर्षं या दिवसांत एखादा पोरगा 'हुतूतूतू' करत धावलेला कानावर आला की मी हातातलं काम टाकून ऐकत बसतो, आणि त्याचा दम संपेपर्यंत माझाही अडकून राहतो.

यंदा तर हे सगळं घरामागच्या खळ्यावरच चालू आहे. माझा मुलगा वसंता कामावरून येतो, सायकल कुडाला टेकवतो आणि पोरांना घेऊन उतरतो. त्यात त्याचा स्वतःचा पोरगाही आहे, माझा नातू. आता ते 'कबड्डी कबड्डी' म्हणतात, शिट्टी वाजवतात. मी ओसरीवरून बघतो. वसंता आपल्या पोराला दुसऱ्यांपेक्षा जास्त ओरडतो का, कमी ओरडतो, हेही बघतो. दोन्ही करत नाही. त्याला ते कुठून जमलं कोण जाणे, माझ्याकडून तर नक्कीच नाही.

मी तेव्हा सरकारी लाकूड डेपोवर मुनशी होतो. ज्या साली आमचा चांदा जिल्हा जुन्या राज्यातून निघून मुंबई राज्यात गेला, त्या सालची ही गोष्ट. कागद मुंबईचे झाले, बैलबंड्या मात्र त्याच जंगलातून त्याच वाटेने येत राहिल्या. साग, ऐन, बिजा. बंडी रिकामी झाली की मी ओंडक्याभोवती फीत टाकायचा, घेर घ्यायचा, लांबी घ्यायचा आणि मग हातोडीने बुडख्यावर शिक्का मारायचा. माझ्या आधीच्या म्हाताऱ्या मुनशीने मला एकच धडा दिला होता. "पयलं माप घाईचं राह्यते बापू, दुसरं खरं. दोनदा मोजल्याबिगर शिक्का उचलू नोको." मी तो धडा कधी मोडला नाही. ठेकेदार चिडायचे, गाडीवान कुरकुरायचे, पण मी दोनदाच मोजायचा. पाच-सात गावांत माझ्या मापाला कोणी बोट लावत नसे, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा गर्व होता.

त्या वर्षी शाळेत पोरांचा हुतूतू घेणाऱ्या मास्तरांची बदली झाली. मंडईला नदीपलीकडच्या गावाशी सामना ठरलेला. हेडगुरुजींनी गावातली माणसं शाळेच्या पटांगणात बोलावली आणि विचारलं, पोरांना कोण शिकवील? धान कापणीचे दिवस. सगळे आपापल्या पायाच्या अंगठ्याकडे बघू लागले. मी उठलो. कोणी सांगितलं नव्हतं. तरुणपणी मी खेळलो होतो, आणि टोपी घातलेली एवढी माणसं गप्प बसली की मला आपोआप उठावंसं वाटतं, हा माझा जुना रोग.

घरी बातमी माझ्याआधी पोचली होती. बायको चुलीपुढे बसून म्हणाली, "अजी, गावच्या पोट्ट्याइले शिकवाले निघाले, आन् घरच्या पोराशी दोन शब्द बोलाले तुमाले फुरसत नाई."

"तो बी आहेच ना त्यात," मी म्हणालो.

"आहे ना. म्हणूनच भेव लागते मले."

तिला भीती का वाटत होती ते मला कळत होतं. वसंता बारा-तेरा वर्षांचा होता. दोन वर्षांचा असताना त्याला डब्बा, म्हणजे छाती भरण्याचा आजार, झाला होता. श्वास घेताना बरगड्यांत खड्डे पडायचे. वाचला, पण छाती कच्ची राहिली. हुतूतूत सगळा खेळ दमाचा. एका श्वासात 'हुतूतूतू' म्हणत पलीकडे जायचं, कोणाला तरी शिवायचं आणि दम तुटायच्या आत आपल्या रेषेवर परत यायचं. मध्येच श्वास घेतला की बाद. वसंताचा दम रेषेपासून चार पावलांत संपायचा. पोरांनी त्याला नाव ठेवलं होतं 'फुसका'.

पहिल्याच आठवड्यात कुजबुज माझ्या कानावर आली. मुनशी शिकवणार म्हणजे मुनशीचा पोट्टा आत. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. मला हे झोंबलं. मी ताकही फुंकून पिऊ लागलो. सरावात वसंता चुकला की दुप्पट ओरडायचा. लालसू नावाचा टोल्यावरचा, जंगलाकडच्या वाडीवरचा, गोंड पोरगा तीन मैल चालत यायचा. त्याची छाती म्हणजे लोहाराचा भाता होता. त्याच्या पाठीवर मी थाप द्यायचा आणि त्याच वेळी वसंताकडे बघायचा. आज आठवलं की अंगावर काटा येतो. पोरगा राखेने आखलेल्या रेषेवर पायाचा अंगठा घासत उभा राहायचा.

असंच काही दिवस चाललं. मग एका सरावात वसंता पलीकडे गेला, दोन पावलांत त्याचा आवाज बसला आणि सगळी पोरं एका सुरात हसली. लालसू तेवढा हसला नाही. त्या संध्याकाळी माझ्यातला शिकवणारा बाजूला झाला आणि बाप पुढे आला. तसा तो आला नसता तर बरं झालं असतं.

डेपोत सागाच्या लाकडांच्या थप्पीमागे मी वसंताला नेलं आणि त्याला घोट शिकवला. घोट म्हणजे दमाची चोरी. आम्ही तरुणपणी शिकलेली. 'तू' आणि 'तू' यांच्या मध्ये मान झटकायची आणि त्या झटक्यात नाकाने हवेचा एक घोट ओढायचा. ऐकणाऱ्याला वाटतं, मान हलली म्हणून आवाज हलला. फार बारीक कान असेल तरच कळतं. आवाज एकदा किंचित बसतो आणि मग ताजा होऊन वर येतो. तेवढीच खूण.

वसंता ऐकत होता. मग त्याने विचारलं, "लालसूले बी शिकवता का, बाबा?"

"नाई. त्याले गरज नाई."

"हे चालते का पण?"

"कोणाले समजलं नाई त चालते," मी म्हणालो. ज्या थप्पीला टेकून मी हे म्हणालो, त्या थप्पीतल्या प्रत्येक ओंडक्यावर माझा शिक्का होता, दोनदा मोजून मारलेला. कुंपणाने शेत खाणं दुसरं काय असतं?

पंधरा दिवसांत वसंताचा दम वाढला. चार पावलांचा आठ झाला, आठाचा बारा. पोरांचं हसणं थांबलं. मी कान देऊन ऐकायचा आणि मला घोट सापडायचा नाही. मी मनात म्हणायचा, काय सफाई आहे पोराची! शिकवणाऱ्याच्याही कानाला लागू देत नाही. घरी जाताना माझी मान ताठ असायची. चोरी शिकवून ताठ मानेने चालणारा मुनशी त्या जिल्ह्यात दुसरा नसेल.

त्याच दिवसांत तो संध्याकाळी ओल्या डोक्याने घरी यायचा. थंडी पडायला लागलेली, बोडीच्या, गावतळ्याच्या, पाण्यावर धूर चढायचा. एकदा दात वाजवत आला तेव्हा मी त्याच्या गालावर वाजवली. "पुन्हा छाती भरल, मंग समजल. काऊन जातं बोडीवर?" त्याच्या आईने लुगड्याच्या पदराने त्याचं डोकं खसखसा पुसलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मी बाहेर जाऊन बसलो. का जातो, हे मी रागाने विचारलं होतं. उत्तर ऐकायला थांबलो नव्हतो.

मंडईचा दिवस उजाडला. गोवाऱ्यांची ढाल, त्यांच्या देवाची सजवलेली उंच काठी, उभी राहिली, डफ वाजू लागले, मुरमुऱ्याच्या आणि जिलबीच्या दुकानांपुढे धूळ उठली. मला यातलं काही दिसत नव्हतं. दुपारी उन्हं कलल्यावर कापलेल्या बांधीत मैदान आखलं. राखेची रेषा मी स्वतः ओढली.

आमच्याकडे रीत अशी की रेषेवर दोन्ही गावांचे पंच असतात, पण दम ऐकणारा पंच वेगळा, तिसऱ्या गावचा. तो चढाई करणाऱ्याच्या बरोबरीने बाजूने चालतो आणि फक्त ऐकतो. त्याने हात वर केला की दम तुटला. त्यावर अपील नाही. त्या वर्षीचा तिसऱ्या गावचा माणूस तापाने पडला, येऊ शकला नाही. खळबळ उडाली. सामना मोडतो की काय असं झालं. तेवढ्यात नदीपलीकडचा म्हातारा पाटील पुढे आला. त्याचा शब्द म्हणजे त्या गावाचा शब्द.

"थांबा बे," तो म्हणाला. "मुनशी आहे ना इथी. आमच्या गावची लाकडं वीस साल झाले मोजून राह्यला, सूतभर फरक नाई केला त्यानं. तोच ऐकल दोघायचा दम."

"भाऊ, माझा पोट्टा खेळून राह्यला," मी म्हणालो.

"मंग का झालं? तुमच्या मापावर आमचा भरोसा आहे. पोट्ट्याचं माप बी तुमीच घ्या."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी समोर बघितलं. वसंता माझ्याकडेच बघत होता. आम्हा दोघांनाच माहीत असलेली एक गोष्ट त्या भर गर्दीत आमच्या मध्ये उभी होती. मी नाही म्हणायला हवं होतं. पण टोपी घातलेली एवढी माणसं माझ्याकडे आदराने बघत होती. मी हो म्हणालो.

खेळ बरोबरीने चालला. लालसूने तिघांना बाद केलं, मग त्याची पकड झाली. ऊन उतरत गेलं, सावल्या रेषेच्या पलीकडे लांबल्या. शेवटी दोन्ही बाजूंचे गुण सारखे, आमच्या बाजूचा एकटा वसंता उरलेला आणि पलीकडे तिघे. एक चढाई. तो शिवून परत आला तर मंडई आमची.

तो राखेची रेषा ओलांडून गेला आणि मी त्याच्या बाजूने चालू लागलो. 'हुतूतूतूतू...' आवाज बारीक, पण सरळ. देवा, घोट घेऊ नको देऊस त्याला, आणि घेतला तर मला ऐकू येऊ देऊ नकोस, एवढंच मनात चाललं होतं. त्याने कोपऱ्यातल्या पोराला शिवलं, वळला, आणि एका आडमाप पोराने त्याचा पाय धरला. वसंता पडला. ते पोरगं त्याच्या अंगावर आलं. धुळीत नुसते हातपाय दिसत होते, आणि त्या धुळीतून 'तूतूतूतू' येत होतं. वसंता इंच इंच सरकत होता. बोटं रेषेपासून वीतभर दूर.

आणि मला ते ऐकू आलं. आवाज किंचित बसला. मग पुन्हा वर आला.

आता विचार करतो, त्या अर्ध्या क्षणात माझ्या मनात काय काय होतं? खरेपणा होता का? होता थोडा. पण त्याहून मोठी होती ती भीती. उद्या कोणी म्हणेल, मुनशीने बघूनही डोळेझाक केली. माझ्या मापाला बोट लागेल. माझा हात वर गेला तेव्हा वसंताची बोटं राखेत होती.

"दम तुटला!" मी ओरडलो. "बाद!"

नदीपलीकडची माणसं नाही, आधी आमचीच माणसं ओरडली. आणि मग म्हातारा पाटील माझ्यापाशी आला, सगळ्यांदेखत माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, "पोटच्या पोराले बाद करणारा माणूस आज पाह्यला." जिंकल्याबद्दल त्यांच्या गावाला मिळालेला मानाचा दुपट्टा त्याने माझ्याच खांद्यावर टाकला. मंडईभर मला मिरवलं. हरलेल्या गावाचा माणूस जिंकल्यासारखा मिरवला जात होता.

वसंता उठला, अंगावरची धूळ झटकली आणि माझ्याकडे एकदा बघितलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. मी समजलो, पोरगा म्हणतोय, तुम्हीच शिकवलं आणि तुम्हीच धरलं. मी मान वळवली.

त्याने कोणाला सांगितलं नाही. आईलाही नाही. पुन्हा तो खेळलाही नाही. पोरं म्हणायची, फुसका तो फुसकाच. आणि मी? दर मंडईला ती गोष्ट कोणीतरी काढायचं, दर वर्षी तिला नवी झालर लागायची, आणि मी दुपट्ट्याची टोकं चाळवत ऐकत बसायचा. वसंता समोर असला तर उठून बैलांना पाणी दाखवायला जायचा. तीस वर्षं मी ती स्तुती खाल्ली. ती पचली नाही, पण बाहेरही काढता आली नाही. बायको गेली त्या वर्षी तिला तरी सांगावं असं फार वाटलं. नाही सांगितलं.

परवा सांगितलं. वसंताला. खळ्यावरून पोरं गेली होती, तो राखेची पाटी घेऊन ओसरीवर टेकला होता. मी म्हणालो, "वसंता, तो घोट म्याच शिकवला तुले. आन् म्याच तुले बाद केलं गावादेखत. माफी मागाची राहून गेली."

तो पाटीतली राख बोटांनी सारखी करत होता. म्हणाला, "बाबा, त्या दिवशी म्या घोट घेतलाच नोहोता."

मला कळेना.

"तुमी शिकवलं तवा दोन दिवस करून पाह्यला. मंग सोडला. लालसूले नाई शिकवत म्हणाले तुमी, तवाच मनातून उतरला तो घोट. रोज संध्याकाळी लालसू न् मी बोडीत बुड्या मारत होतो. तो पाण्याबाहेर गिनती कराचा, मी आत दम धराचो. पंधरा दिवसांत छाती सुटली माझी."

"पन् आवाज बसला होता, वसंता. मले ऐकू आला."

"त्या पोट्ट्याचा गुडघा होता ना छातीवर," तो म्हणाला. "दाबला त आवाज बसला. गुडघा सरकला त वर आला. दम एकच होता."

गुडघा. मी तो बघितला होता. वसंताच्या बरगड्यांवर रोवलेला, त्याच बरगड्यांवर जिथे कधीकाळी खड्डे पडायचे. डोळ्यांनी बघितलेला गुडघा मी हिशेबात धरलाच नाही. मला फक्त चोरी ऐकायची होती, कारण ती माझी होती. ओलं डोकं, वाजणारे दात, न सापडणारा घोट, सगळं माझ्यासमोर होतं. जंगलातला आंधळा ओंडका मी दोनदा मोजायचा. पोटच्या पोराचा दम एकदाच मोजला आणि शिक्का मारून मोकळा झालो.

"मंग बोलला काऊन नाई?" मी विचारलं. "तीस साल?"

"तवा बोललो असतो त कोणाचं खरं मानलं असतं लोकाईनं? मुनशीचं का फुसक्याचं?" तो म्हणाला. मग पाटी बाजूला सारून, "आन् मंग तुमी मंडईत बसले राह्यत, लोकं गोष्ट सांगत. तुमचा चेहरा पाहून मले वाटे, ह्याईले आधीच लय जड जाते. आता कायले आनखी."

मी रडलो. या वयात रडणं शोभत नाही म्हणतात. शोभण्याचं बघत बसलो म्हणूनच तर हे सगळं झालं होतं.

काल मंडई होती. संध्याकाळी खळ्यावर पोरांचा सामना लावला होता, माणसं जमली होती. सवयीप्रमाणे एकाने गोष्ट काढली. "पोट्ट्याहो, या आबांनी पोटच्या पोराले..."

मी काठी टेकून उभा राहिलो. म्हणालो, "चुकलं होतं माझं. त्याचा दम खरा होता. हात त्याचा रेषेवर होता. मंडई आपली होती."

माणसं हसली. म्हाताऱ्याचा मोठेपणा बघा, असं कोणीतरी म्हणालंसुद्धा. मी पुन्हा तेच सांगितलं. पुन्हा हसली. एकदा पक्का बसलेला शिक्का असा सहजी निघत नाही, हे मला दुसऱ्या कोणी सांगायला नको. फक्त नातू हसला नाही. तो एकदा माझ्याकडे आणि एकदा आपल्या बापाकडे बघत राहिला.

वसंता खाली वाकून राखेची रेषा ओढत होता. त्याचा हात थांबला होता. तो मान वर न करता म्हणाला, "बाबा, रेषा सरळ आली का, पाहा बरं."

मी रेषेच्या या टोकाला जाऊन पाहिलं. मग काठी टेकत टेकत त्या टोकाला गेलो आणि तिकडूनही पाहिलं. सगळे खोळंबले होते. दोनदा बघून झाल्यावरच मी हो म्हणालो.